ऋणनिर्देशाचं पान

गेल्या हिवाळ्यात लेस्टरला एका मित्राकडे रविवारी जेवायला गेलो होतो. पुरणपोळी, कटाची आमटी, वर मसाला दूध. बाहेर साडेतीनलाच दिवे लागायची वेळ आलेली. मंडळी सोफ्यावर जमेल तशी कलंडली होती. मित्राचे वडील तीन महिन्यांसाठी सोलापूरहून आलेले. निवृत्त शिक्षक, त्यामुळे समोर कुणी बसलं की वर्ग भरतो. त्यांची पाठ धरली म्हणून मित्राने कपाटातून मसाज गन काढली आणि त्यांच्या खांद्यावर चालू केली. टर्रर्र...

"किती रे ही?" काकांनी विचारलं.

"दोनशे पौंड, बाबा."

काकांनी गुणाकार केला. (भारतातून नवीन आलेला प्रत्येक माणूस पहिला महिनाभर हा गुणाकार करतो. आम्हीही केलाय.) "वीस हजारांच्या वर! अरे, तुला पाठीवर नाचवायचो तेव्हा तू एका पेपरमिंटच्या गोळीत नाचायचास!"

सगळे हसले. मग काकांची नजर यंत्राच्या बुडाशी गेली. तिथे बारीक अक्षरात पेटंटचे नंबर छापलेले होते. "आणि यात पेटंट कसलं? आपल्या तालमीत काय चालतं मग? उद्या हे लोक श्वास घेण्याचंही पेटंट काढतील."

आता पंचाईत अशी की त्या खोलीत या धंद्यातला माणूस मी एकटाच. साउथॅम्प्टनला कंपनांवर पीएचडी केली आणि गेली काही वर्षं मिडलंड्समधल्या एका छोट्या कंपनीत हाताने धरायची, ठोके देणारी मसाजची यंत्रं बनवतो. मी उत्साहाने समजावून सांगायला गेलो. पुरणपोळीनंतर क्लेम आणि प्रायर आर्ट ऐकायला कोण जागं राहणार? काका घोरायला लागले. म्हणून ते व्याख्यान इथे. काका काय चुकले ते सांगतो, आणि मग ते जिथे बरोबर होते तेही सांगतो. दुसरा भाग मला जड जाणार आहे.

सुरुवात काकांच्या बाजूने. अंग चेपून घेण्याचा शौक इंग्लंडला आपल्याच माणसाने लावला. पाटण्याचा शेख दीन मुहम्मद ब्रायटनला समुद्रकाठी स्नानगृह काढून गोऱ्या साहेबांना वाफारा आणि चंपी द्यायचा. १८२२ मध्ये त्याने त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. चौथ्या जॉर्ज राजाचा तो 'शाम्पूइंग सर्जन' झाला. चंपीचं शाम्पू झालं आणि पुढे तो शब्द अंगावरून डोक्यावर आणि डोक्यावरून बाटलीत गेला. दीन मुहम्मदने पेटंट घेतल्याचं दिसत नाही. त्याची भिस्त राजाच्या शिक्क्यावर आणि स्वतःच्या नावावर होती.

यंत्र आलं ते नंतर. १८८० च्या दशकात लंडनच्या डॉ. जोसेफ मॉर्टिमर ग्रॅनव्हिलने 'परक्युटर' नावाची विजेवर चालणारी छोटी हातोडी केली. मज्जातंतूंना ठोके दिले की दुखणी जातात, असा त्याचा सिद्धान्त. १८८३ मध्ये त्यावर ग्रंथच लिहिला. (या यंत्राचा संबंध स्त्रियांच्या उन्मादावरच्या उपचारांशी जोडणारी एक चटपटीत कथा फिरते. २०११ मध्ये त्यावर सिनेमाही आला. प्रत्यक्षात ग्रॅनव्हिलने त्याच ग्रंथात आपण स्त्रियांवर हे वापरणं टाळतो असं लिहून ठेवलंय. पण खरी गोष्ट कोण वाचतो?) त्यानंतर आला 'डॉक्टर' मॅकौरा. याचं यंत्र हाताने दांडा फिरवून चालवायचं, अंड्याच्या रवीसारखं. लीड्समध्ये बनायचं. नाव पल्सोकॉन. सभागृहं भरवून प्रात्यक्षिकं करायची आणि रक्ताभिसरणाच्या नावाखाली सगळ्या रोगांवर विकायचं. १९१४ मध्ये पॅरिसच्या कोर्टाने त्याला फसवणुकीबद्दल शिक्षा ठोठावली. इथल्या जुन्या बाजारात पल्सोकॉन अजून मिळतं. माझ्या टेबलावर एक आहे. फिरवलं की मांजर पळून जातं.

आजच्या मसाज गनचा जन्म मात्र सुताराच्या पेटीतला. लॉस एंजलिसच्या जेसन वर्सलँड या कायरोप्रॅक्टरला २००७ मध्ये मोटरसायकलचा अपघात झाला. दुखण्यावर उपाय म्हणून त्याने जिगसॉ करवतीत फेरफार करून स्वतःपुरतं यंत्र केलं. पुढे २०१६ मध्ये थेरागन बाजारात आली. आत डोकावलं तर आजही तेच दिसतं. मोटर, क्रँक, कनेक्टिंग रॉड, पिस्टन आणि पात्याच्या जागी रबराचा गोळा.

तर काकांचा प्रश्न. यात पेटंट कसलं?

पेटंट मसाजचं नसतंच. ब्रिटनच्या १९७७ च्या पेटंट कायद्यात माणसावर करायच्या उपचाराच्या पद्धतीला पेटंट देता येत नाही. आपल्या १९७० च्या कायद्यातही कलम ३ मध्ये तेच आहे. म्हणजे तुमच्या आजीचं बाळाला तेल लावून रगडणं, तालमीतला रगडा, पाठीवर नाचणारं पोर, यांच्यावर इथे कुणी हक्क सांगू शकत नाही. हक्क मिळतो तो वस्तूवर, आणि तोही जेवढा क्लेममध्ये लिहिलाय तेवढ्यावरच. २०२० मध्ये हायपरआइस कंपनीने अमेरिकेच्या व्यापार आयोगाकडे नकलांविरुद्ध तक्रार नेली. त्यात एक पेटंट यंत्राच्या रचनेचं आणि दोन नुसत्या दिसण्याची होती. पुढे जानेवारी २०२४ मध्ये त्याच कंपनीने थेराबॉडीवर खटला भरला, तो मुख्यतः पुढचं डोकं झटकन काढता-घालता येण्याच्या जोडणीवरून. कोट्यवधींची भांडणं, आणि विषय काय? खुंटी कशी बसते!

हळदीचं उदाहरण इथे हटकून निघतं. काकांनीही घोरण्याआधी काढलं होतं. १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीने जखम बरी करण्याचं पेटंट दिलं गेलं, डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या काळात सीएसआयआरने ते आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. आपल्या माणसाने मारलेली ती खरी बाजी. पण तिथे दावाच मुळी हळद लावण्यावर होता. इथे आपल्या आजीची कुणी चोरी केलेली नाही. प्रत्येक परदेशी वस्तू हातात घेऊन 'हे तर आपल्याकडे होतंच' म्हणायची आपल्याला इतकी सवय झालीय की वस्तूत नवीन काय आहे हे बघायचे कष्टच आपण घेत नाही. होतं तर मूठ कुणी केली? बॅटरी कुठे बसवायची हे कुणी ठरवलं?

इथपर्यंत माझी बाजू भक्कम आहे. आता जड भाग.

ठोके देणाऱ्या यंत्राचा खरा प्रश्न रुग्णाच्या पाठीचा नसून धरणाऱ्याच्या हाताचा आहे. कागदावर साधा हिशोब करू. १६ मिलिमीटरचा स्ट्रोक, सेकंदाला ४० ठोके. गोळ्याचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या पन्नासपट जातं. हलणारा भाग १०० ग्रॅमचा आणि बाकी यंत्र किलोभराचं धरलं, तर न्यूटनच्या कृपेने त्याचा दहावा हिस्सा मुठीत येतो. ब्रिटनमध्ये कामाच्या जागी हाताला बसणाऱ्या कंपनांवर २००५ पासून नियम आहेत. आठ तासांच्या सरासरीने २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग झालं की मालकाने उपाय सुरू करायचे, आणि ५ ही ओलांडायची नाही अशी हद्द. हे नियम उगाच आले नाहीत. खाणीत ड्रिल धरून बोटं पांढरी आणि बधिर झालेल्या कामगारांनी १९९० च्या दशकात ब्रिटिश कोलविरुद्ध कोर्टात लढून हा प्रश्न ऐरणीवर आणला. आपल्या कागदावरच्या, काउंटरवेट नसलेल्या यंत्राला हे नियम लावले तर दहा मिनिटं वापरून माणूस कसाबसा २.५ च्या आत राहतो. तासभर वापरलं तर ५ च्या पुढे. घरी खांद्यावर पाच मिनिटं फिरवणाऱ्याला काही होत नाही. पण फिजिओथेरपिस्ट दिवसभर हेच करतो. ज्याच्या हातांवर लोकांची दुखणी जायची, त्याचेच हात जायचे.

उपाय म्हणून सगळे क्रँकवर काउंटरवेट लावतात. पण ते वजन गोल फिरतं आणि पिस्टन सरळ रेषेत जातो. पुढे-मागे बसणारा धक्का पुरता मारायला गेलं की तोच धक्का वर-खाली उगवतो. अर्धा मारला तर दोन्हीकडे अर्धा-अर्धा उरतो. उशीचं एक टोक दाबावं तर दुसरं फुगतं, तसं. मी या उशीशी आठ महिने झटापट केली.

२०१९ च्या दिवाळीत कोल्हापूरला मामाकडे गेलो होतो. मामेभाऊ म्हणाला, "दादा, तुझ्या इंग्लंडच्या मशिनी राहू देत, चल तुला तालमीत नेतो." तांबड्या मातीचा हौद, एका कोपऱ्यात दिवा, हनुमानाचा फोटो, तेलाचा आणि घामाचा मिळून एक वास. सत्तरीचे एक वस्ताद एका पोराला पालथं पाडून त्याच्या मांड्यांवर मुठी मारत होते. दोन्ही हात, एक वर एक खाली, ढोलकीसारखे. वीस मिनिटं थांबले नाहीत. मी विचारलं, "वस्ताद, हात दुखत नाहीत?"

"मूठ आवळायची न्हाई, पाव्हणं. आवळली की मार आपल्याच मनगटात शिरतोय."

"आणि दोन्ही हातांनीच का?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पाणी ओलं का असतं असं विचारलंय. "एका हातानं हाणलं तर आपणच हलतोय की. एक जातोय तवा दुसरा येतोय. मग आपण जाग्यावर."

मी त्या रात्री झोपलो नाही. गोल फिरणारं वजन नकोच. पिस्टनच्या उलट दिशेने, त्याच रेषेत, त्याच वेळी सरकणारं दुसरं वजन. एक जातोय तवा दुसरा येतोय.

मला त्याच वेळी त्यांना सांगायला हवं होतं की मी हे कशासाठी विचारतोय. सांगितलं नाही. घाबरलो होतो. अमेरिकेत स्वतःची कल्पना स्वतःच उघड केली तर अर्ज करायला वर्षभराची सवलत मिळते. ब्रिटनमध्ये आणि युरोपात पेटंटसाठी ती जवळपास नाहीच. अर्जाआधी जगात कुठेही, कुणालाही, गुप्ततेच्या अटीशिवाय दाखवलंत की नावीन्य गेलं. ही भीती खोटी नाही. पुढे २०२१ मध्ये इथल्या कोर्टाने क्लेडन कंपनीच्या पेरणीयंत्राचं पेटंट याच कारणाने रद्द ठरवलं. संशोधकाने अर्जाआधी नमुना आपल्याच शेतात दोन दिवस चालवून पाहिला होता. शेताच्या कडेने सार्वजनिक पायवाट जाते. कुंपण उंच, पण फटी असलेलं. तिथून कुणी गेल्याचा पुरावा नव्हता. पण जाणकार माणूस गेला असता तर त्याला कळलं असतं, एवढं पुरलं! या देशात हेजच्या फटीतून पेटंट गळून जातं, तर तालमीत वीस पोरांसमोर मी तोंड उघडू? वस्तादांना गुप्ततेच्या करारावर सही करा म्हणू? इंग्रजीत?

गप्प बसलो, परत आलो, नमुना केला. मुठीतलं कंपन मोजलं तेव्हा आकडा बघून सहकाऱ्याने सेन्सरची वायर सुटलीय का ते तपासलं. पुढच्या वर्षी कंपनीने अर्ज दाखल केला. परीक्षकाने एका करवतीचं जुनं पेटंट पुढे केलं. करवतीत उलटं सरकणारं वजन आधीच होतं (सुताराची पेटी आमची पाठ सोडत नाही). मग आम्ही दावा आखडता घेतला. ते वजन मुठीच्या संदर्भात नेमकं कुठे बसवायचं, एवढ्यापुरताच.

अर्जावर संशोधक म्हणून तीन नावं आहेत. माझं, सेन्सरवाल्याचं आणि आमच्या बॉसचं. इथल्या कायद्याने नोकरीत लावलेला असा शोध मालकाचा होतो. जास्तीचा मोबदला मिळतो, पण क्वचित. प्राध्यापक इयन शँक्सना युनिलीव्हरकडून वीस लाख पौंड मिळवायला २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालय गाठावं लागलं, तेही तेरा वर्षं भांडून. माझ्यासारख्याच्या पदरात पडतं ते फक्त नाव. म्हणूनच नावाची गोष्ट मला लागली.

मी आमच्या पेटंट अ‍ॅटर्नीला वस्तादांबद्दल विचारलं होतं. ती फार सभ्य बाई. तिने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. कायद्यात संशोधक म्हणजे कल्पना प्रत्यक्ष रचणारा. त्या गृहस्थांनी निसर्गाचा एक नियम सांगितला. तो नियम यंत्रात उतरवला तुम्ही, आणि मुठीपाशी कुठे बसवायचा तेही तुम्हीच. त्यांचं नाव घातलं तर ते चूक होईल. कायद्याने ती बरोबर होती. मला आजही तसंच वाटतं.

मग मी म्हटलं, ठीक आहे, पार्श्वभूमीच्या भागात एक वाक्य लिहू. पश्चिम महाराष्ट्रातल्या तालमींत मालीश करणारे दोन्ही हात आळीपाळीने वापरतात, त्यावरून ही कल्पना सुचली. एवढंच. तिने ते वाक्य लाल रेघ मारून काढलं. पार्श्वभूमीत जे लिहाल ते 'आधीच ठाऊक होतं' याची कबुली म्हणून उद्या तुमच्यावरच उलटवलं जाईल, विशेषतः अमेरिकेत. हेही खरं होतं. मी मान डोलावली आणि सही केली.

माझा आक्षेप आहे तो इथे. मला वस्तादांसाठी रॉयल्टी नको, त्यांनीही ती मागितली नसती. पण माझ्या थीसिसला ऋणनिर्देशाचं पान आहे. त्यात गाइड आहेत, आईबाबा आहेत, रात्री अकरापर्यंत चहा देणारी कँटीनमधली बाई आहे. त्या पानामुळे थीसिसचं काही कमी झालं नाही. पेटंटला असं पान नाही, आणि वरून व्यवस्था अशी की खरं बोलणाऱ्याचं नुकसान. कुठून सुचलं हे लपवणं हाच शहाणपणा ठरतो. डिसेंबर २०२३ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की संशोधक माणूसच असावा लागतो, संगणकाची कृत्रिम बुद्धी नाही. चांगलं झालं. संगणकाच्या नावासाठी भांडायला वकील उभे राहतात याचं मात्र मला हसू आलं, आणि मग आलं नाही. २०२४ च्या मे महिन्यात जिनिव्हाला पारंपरिक ज्ञानाचा उगम पेटंटमध्ये सांगायला लावणारा करार झाला. तोही वनस्पती-प्राण्यांच्या जनुकीय संपत्तीशी जोडलेल्या ज्ञानापुरता. हळद सापडेल त्यात. मोकळी मूठ सापडणार नाही. आपली पारंपरिक ज्ञानाची डिजिटल लायब्ररीही ग्रंथांत लिहिलेलं गोळा करते. वस्तादांनी काही लिहिलेलं नाही.

पेटंटच्या अर्जात एक रकाना असावा, 'कुठून सुचलं', आणि त्यात लिहिलेलं कुठल्याही कोर्टात अर्जदाराविरुद्ध वापरता येऊ नये. एका कलमाचं काम आहे. वकील मित्र म्हणतात, असं कलम आणलं तर त्याचाही गैरफायदा घेतील. घेतील. आत्ता कुठला फायदा कुणाला होतोय?

तर काका चुकले होते, पण पुरते नाही. चोरी झाली नाही. फक्त नोंद झाली नाही, आणि ती न करण्याच्या कागदावर माझी सही आहे.

२०२३ मध्ये परत कोल्हापूरला गेलो तेव्हा एक यंत्र बरोबर नेलं. अर्ज दीड वर्षाने प्रसिद्ध होतोच, त्यामुळे लपवायचं काही उरलं नव्हतं. वस्तादांनी ते मोकळ्या मुठीत धरलं, एका पोराच्या पोटरीवर फिरवलं, बंद केलं आणि स्वतःचं मनगट दुसऱ्या हाताने चाचपलं.

"हात थरथरत न्हाई. आत काय हाय?"

चार स्क्रू काढून दाखवलं. हळू फिरवलं. पिस्टन पुढे, वजन मागे, पिस्टन मागे, वजन पुढे. ते बराच वेळ बघत राहिले. मग दोन्ही मुठी हवेत धरून तशाच एकेक वर-खाली केल्या.

"हे आपलंच की."

"हो, वस्ताद. तुम्हीच सांगितलं होतं."

त्यांना आठवत नव्हतं. "किती लोकांना किती सांगितलं, कुठं ध्यानात ऱ्हातंय," म्हणाले आणि किंमत विचारली. मी सांगितली. एवढं मोठ्याने हसले की हौदातली जोडी थांबून बघायला लागली. यंत्र तिथेच ठेवलं. चार्जर द्यायला गेलो तर त्याची पिन इंग्लंडची, तीन चौकोनी दांड्यांची, तालमीतल्या बोर्डात जाईना. वस्तादांनी एका पोराला लांगेवर तसाच शर्ट चढवायला लावून अडॅप्टर आणायला पिटाळलं.